तीन स्लॅबवरचं रडार: बेळगाव-निपाणी भागात छोटे ड्रोन टिपायला शिकणाऱ्यांसाठी

2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. व्हॉट्सॲपला राज्याची हद्द ठाऊक नसते. तेव्हापासून आपल्याकडेही आकाशात दिवा हलला की कुणीतरी विचारतंच, 'ड्रोन हाय काय ओ त्यो?' बहुतेक वेळा तो शुक्र असतो, नाहीतर सांब्र्याच्या विमानतळावर उतरणारं विमान. तरी प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या किंवा रेडिओची आवड असलेल्या चार पोरांना स्वतः याचं उत्तर शोधता येईल का? काही अंशी येतं. त्याचीच वाट इथे पायरीपायरीने सांगतो.

आपण कोणतीही लहर सोडणार नाही. नेहमीचं रडार स्वतः लहर सोडतं आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतं. आपण दुसऱ्याने सोडलेल्या लहरी, म्हणजे एफएम केंद्राच्या किंवा मोबाइल टॉवरच्या, ड्रोनवर आपटून आल्या की टिपायच्या. याला पॅसिव्ह रडार म्हणतात. कल्पना जुनीच आहे. 26 फेब्रुवारी 1935 ला इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी बीबीसीच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपणाच्या जोरावर एक बॉम्बर विमान टिपलं, तेही असंच. नवं आहे ते एवढंच की तेव्हा लष्कराला लागणारी यंत्रणा आज दप्तरात मावते.

आधी कागद, मग अँटेना

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण बेळगावात ती टाळून चालणार नाही. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, सांब्र्याला हवाई दलाचं ठाणं आहे. अशा गावात स्लॅबवर विचित्र अँटेना उभा राहिला तर शेजारी विचारणार आणि पोलीसही विचारणार. विचारलंच पाहिजे.

1933 च्या वायरलेस कायद्यापासून 2023 च्या दूरसंचार कायद्यापर्यंत एक धागा कायम आहे: रेडिओ यंत्र नुसतं जवळ बाळगण्यावरही सरकारचं नियंत्रण असतं. त्यामुळे एकट्याने घरी सुरुवात करण्यापेक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेचा प्रकल्प म्हणून करा आणि विभागप्रमुखांची सही घ्या. केंद्राच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगला लेखी विचारा. जमलं तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्या. त्या निमित्ताने अँटेना, केबल, अर्थिंग सगळं नीट शिकून होतं, आणि परीक्षेच्या श्रेणीप्रमाणे व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळखही मिळते. जवळच्या पोलीस ठाण्यात एक माहितीपत्र देऊन ठेवा. ते कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं.

तीन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. जॅमर लावायचा नाही, तो खासगी माणसाला बेकायदा आहे. मोबाइलचा सिग्नल उलगडून आतलं काही वाचायचा प्रयत्न करायचा नाही. आपल्या कामाला त्याची गरजही नाही, कारण आपलं सॉफ्टवेअर त्या सिग्नलकडे नुसता गोंगाट म्हणून बघतं. कच्चं रेकॉर्डिंग साठवून ठेवू नका, हिशोब झाला की पुसून टाका. आणि कॅम्प भागाकडे, म्हणजे लष्करी छावणीकडे, किंवा धावपट्टीकडे तोंड करून अँटेना लावायचा नाही. येळ्ळूर, उचगाव, नंदगड, निपाणी, चिकोडी, शिवार कुठलंही चालेल. छावणीच्या भिंतीला लागून असलेलं घर नको.

लहर कुणाची घ्यायची?

नवखा माणूस इथेच चुकतो. एफएम केंद्र ताकदवान असतं, चोवीस तास चालू असतं, आणि निपाणी-चिकोडीच्या बाजूला कोल्हापूरचं टोमॅटो एफएम 94.3 वर लागतं. वाटतं, हेच घ्यावं. विमानासाठी ते उत्तम आहे. छोट्या ड्रोनसाठी जवळजवळ निरुपयोगी.

कारण साधं आहे. 94.3 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटरच्या थोडी वर जाते. ड्रोन असतो वीतभर-दोन वितींचा, आणि त्याचं प्लास्टिक तर लहरीला दिसतच नाही. परावर्तन होतं ते मुख्यतः बॅटरी, मोटारी आणि तारांवरून. वस्तू लहरीपेक्षा बरीच लहान असली की प्रतिध्वनी फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने कोसळतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी केली की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो.

शिवाय अंतराची बारीक मापणी बँडविड्थवर, म्हणजे सिग्नल फ्रिक्वेन्सीची किती रुंद पट्टी व्यापतो त्यावर, ठरते. एफएमची बँडविड्थ चांगल्या वेळी दीडशे किलोहर्ट्झ धरली तरी केंद्र-वस्तू-घर या मार्गाच्या लांबीत 2 किलोमीटरचा फरक असल्याशिवाय दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. तीही कार्यक्रमावर अवलंबून! धांगडधिंग्याचं गाणं लागलं की बँडविड्थ पसरते आणि चित्र बरं येतं. निवेदक बोलता बोलता थांबला की ती आकसते आणि पडदा धुरकट होतो. बातम्यांच्या वेळी एफएमचं रडार अर्धवट आंधळं होतं, हे पहिल्यांदा बघताना मजा वाटते.

मोबाइलच्या 850 मेगाहर्ट्झ पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल 869 ते 894 मेगाहर्ट्झमध्ये असतो. लहर सुमारे 34 सेंटिमीटर, म्हणजे ड्रोनच्या मापाचीच. त्यामुळे प्रतिध्वनी बरा मिळतो. आपला रिसीव्हर या सिग्नलचा 2 ते 2.4 मेगाहर्ट्झचा तुकडा घेऊ शकतो, म्हणजे अंतराची बारकाई 125 ते 150 मीटर. फार नाही, पण एफएमच्या 2 किलोमीटरांपुढे पुष्कळ.

टॉवरच्याही अडचणी आहेत. त्याचे अँटेना जमिनीकडे किंचित झुकवलेले असतात, कारण माणसं जमिनीवर असतात. वर उडणाऱ्या ड्रोनला त्यातलं उरलंसुरलं मिळतं. आजूबाजूचे सगळे टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर असतात, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळतो. रात्री लोक झोपले की टॉवरवरचा भार उतरतो आणि सिग्नल विरळ होतो.

म्हणून माझा क्रम असा: एफएमवर विमान टिपून शिका, मग परवानगीच्या चौकटीत मोबाइल पट्ट्यावर ड्रोनकडे वळा.

सामान

दोन कान हवेत. एक टॉवरकडे तोंड करून मूळ लहर ऐकतो, याला संदर्भ चॅनेल म्हणू. दुसरा शिवाराकडे तोंड करून प्रतिध्वनी ऐकतो, तो टेहळणी चॅनेल. दोन्ही कान एकाच घड्याळावर चालले पाहिजेत. दोन स्वस्त आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचे छोटे रेडिओ रिसीव्हर, वेगवेगळे लावून काम होत नाही. त्यांची 28.8 मेगाहर्ट्झची क्रिस्टल घड्याळं एकमेकांपासून घसरत राहतात. एकाचं घड्याळ तारेने दुसऱ्याला डकवता येतं, पण दर वेळी चालू करताना दोघांतला नमुन्यांचा फरक नव्याने जुळवावा लागतो. सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर करून बघा, शिकायला छान आहे. रोजच्या वापराला एसडीआरप्ले आरएसपी-ड्युओ घ्या किंवा क्राकेन-एसडीआर. पहिल्यात दोन ट्यूनर आणि 14 बिटांची बारकाई, दुसऱ्यात 8 बिटांचेच पण पाच चॅनेल आणि ते आपोआप जुळवणारी सोय. मी नवख्याला पहिला सुचवतो. इथे बारीक आवाज भल्यामोठ्या आवाजाखाली शोधायचा असतो, तेव्हा बिटं जास्त कामाची.

संगणक म्हणून रास्पबेरी पाय 5 किंवा कपाटात पडलेला आय-फाइव्हचा लॅपटॉप. सॉफ्टवेअर 'ब्लाह-टू' नावाचं, फुकट आणि खुलं. ते ब्राउझरमध्ये एक नकाशा दाखवतं, आडव्या बाजूला अंतर आणि उभ्या बाजूला डॉप्लर, म्हणजे वस्तू हलत असल्यामुळे लहरीच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक. क्राकेनवाल्यांनी स्वतःचा पॅसिव्ह रडारचा कोड 2022 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या शस्त्र-निर्यात नियमांच्या धास्तीने काढून घेतला होता. हा विषय नुसता खेळ नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

अँटेना विकत घेऊ नका. 880 मेगाहर्ट्झच्या यागीचा, म्हणजे एकाच दिशेला ऐकणाऱ्या दांड्यांच्या अँटेनाचा, मुख्य दांडा साधारण 16 सेंटिमीटरचा, बाकीचे थोडे कमी-जास्त, आणि सात दांड्यांचा अख्खा अँटेना हातभर लांब. ॲल्युमिनियमची नळी आणि उद्यमबागेतलं एखादं वर्कशॉप, एवढ्यावर भागतं. मापाचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये द्या, तिथले कारागीर हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे आहेत, दांडे हवे तस्से कापून देतात.

केबलसाठी डिशवाल्याकडची आरजी-6 चालते. ती 75 ओहमची आहे आणि रिसीव्हर 50 ओहमचा, म्हणून पुस्तकी माणूस नाक मुरडेल, पण 10 मीटरला जेमतेम 2 डेसिबल नुकसान आहे. रेडिओच्या दुकानात मिळणारी बारीक आरजी-58 याच्या दुप्पट-अडीचपट खाते. सांधे पाणी शिरणार नाही असे टेपने बांधा. खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका, जूनमध्ये बांधलेला ढिला सांधा पंचमीपर्यंत हिरवा पडतो. आणि वळिवाच्या दिवसांत ढग दिसले की अँटेनाची केबल रिसीव्हरमधून काढून ठेवा. नंतर हळहळण्यापेक्षा ते बरं.

जागा: सगळा खेळ इथे आहे

यंत्रावर कितीही खर्च करा, जागा चुकली की पडदा कोरा. का ते एका हिशोबाने बघू.

समजा टॉवर तुमच्या घरापासून 2 किलोमीटरवर आहे. ड्रोन टॉवरपासून 2 किलोमीटरवर आणि तुमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर. ड्रोनचा परावर्तनाचा पृष्ठभाग 0.02 चौरस मीटर धरला, म्हणजे साधारण पसरलेल्या पंजाएवढा, तर तुमच्याकडे येणारा प्रतिध्वनी हा टॉवरच्या थेट सिग्नलच्या सुमारे पंधरा-सोळा कोटींचा एक भाग असतो. 2 मेगाहर्ट्झचा सिग्नल अर्धा सेकंद जमवून संदर्भाशी ताडून बघितला की दहा लाखपट फायदा मिळतो. तरी थेट सिग्नल दीडशेपट जास्तच उरतो. ड्रोन उठून दिसायचा तर हा थेट सिग्नल हजार-दोन हजारपट तरी दाबायला हवा.

तो तीन ठिकाणी दाबायचा. टेहळणी अँटेनाची पाठ टॉवरकडे करा, शंभरपट इथेच जातो. मग मध्ये भिंत आणा. स्लॅबवरची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारची दुमजली इमारत, टॉवर आणि टेहळणी अँटेना यांच्यामध्ये जे येईल ते आपलं. संदर्भ अँटेना मात्र टाकीच्या अलीकडे, टॉवर नीट दिसेल असा. उरलेलं काम सॉफ्टवेअरकडे द्या. बरेच जण पहिले दोन टप्पे सोडून तिसऱ्यावर भरवसा ठेवतात आणि सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

टॉवर निवडताना पायी जा. मोबाइलच्या जीपीएसवर कुंपणाबाहेरूनच त्याची जागा टिपा, वर कोणत्या दिशांना पॅनेल आहेत ते बघा. बहुतेक टॉवरांना तीन दिशांची तीन तोंडं असतात. तुमचं शिवार ज्या तोंडासमोर येतं तोच टॉवर घ्या, जवळचा म्हणून नको.

अँटेना बसवल्यावर घरातला सीलिंग फॅन बंद करा. हसू नका. पंख्याच्या पात्याचं टोक सेकंदाला पंधरा-वीस मीटर वेगाने फिरतं, म्हणजे चांगल्या वेगाच्या ड्रोनइतकं, आणि पडद्यावर शून्य अंतरापाशी एक उभी रेघ दिसत राहते.

पहिला सराव: विमान

एफएम लावा, टेहळणी अँटेना आकाशाकडे थोडा वर करा. त्यासाठी यागी एफएमच्या मापाची लागेल, दांडा दीड मीटरचा, तात्पुरता बांबूवर बांधला तरी चालतो. तेव्हा गल्लीतले काका विचारतीलच, 'डिशच्या जमान्यात परत अँटेना लावलासा काय?' त्यांनाही पडदा दाखवा.

मुंबई-बेंगळूरु विमानं आपल्याच डोक्यावरून जातात. प्रत्येक विमान 1090 मेगाहर्ट्झवर स्वतःची जागा सांगत असतं. 'एडीएसबी-टू-डीडी' नावाचं छोटं साधन ती जागा घेऊन सांगतं की तुमच्या पडद्यावर हे विमान आत्ता कुठे दिसायला हवं. तिथे खरंच ठिपका असेल तर तुमचं घड्याळ, टॉवरची जागा, घराची जागा, सगळं बरोबर आहे. नसेल तर ड्रोनच्या मागे लागू नका, आधी हे जुळवा. ठिपका नेहमी ठरावीक अंतराने बाजूला पडत असेल तर तुम्ही गृहीत धरलेलं प्रक्षेपण केंद्र चुकीच्या ठिकाणी आहे. केंद्राचं ऑफिस गावात आणि मनोरा भलतीकडे, असं पुष्कळदा असतं.

दुसरा सराव: उसावरचा फवारणी ड्रोन

छोट्या ड्रोनवर उडी मारण्याआधी मोठा घ्या. चिकोडी, निपाणी, रायबाग पट्ट्यात उसावर फवारणीचे ड्रोन आता नवे राहिलेले नाहीत. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचतगटांना असे ड्रोन द्यायचं ठरलं. दहा लिटरच्या टाकीचा हा गडी भरल्यावर 25 किलोच्या आतबाहेर असतो, पातं मोठं, टाकीत पाणी. छोट्या कॅमेरा ड्रोनपेक्षा कितीतरी ठळक दिसतो. आणि मुख्य म्हणजे तो कधी, कुठे उडणार हे आधी कळतं. ड्रोनवाल्या ताईंना किंवा दादांना फोन करून वेळ विचारा, फवारणीच्या वेळी बांधावर मध्ये मध्ये करू नका, त्यांचा एकरावर हिशोब असतो.

पडद्यावर काय दिसतं? ड्रोन सेकंदाला 5 मीटर वेगाने सरीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जातो. डॉप्लर शून्याच्या वर साधारण पंचवीस-तीस हर्ट्झवर एक ठिपका सरकतो. शंभर मीटरची सरी असेल तर वीस सेकंदांनी ड्रोन वळतो, ठिपका क्षणभर शून्यात विरघळतो आणि शून्याच्या खाली तेवढ्याच अंतरावर उगवतो. पुन्हा वीस सेकंद, पुन्हा वर. ही करवतीच्या दातांसारखी हालचाल एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. पक्षी असा उडत नाही, गाडी अशी चालत नाही.

यातच पॅसिव्ह रडारचं सगळ्यात मोठं दुबळेपण दिसतं. ड्रोन एका जागी तरंगला की त्याचा डॉप्लर शून्य होतो, आणि शून्यावर आधीच झाडं, घरं, विजेचे खांब असा सगळा गाव बसलेला असतो. तरंगणारा ड्रोन गायब. टॉवर आणि घर यांच्यापासूनच्या अंतरांची बेरीज बदलणार नाही अशा वाटेने उडाला तरी गायब.

फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरूनच जातो. म्हणून स्लॅब हवा. वाढलेल्या उसाच्या पातळीवरून अँटेना लावला तर ऊसच दिसतो. वाऱ्यात हलणारा ऊस शून्याच्या आसपास काही हर्ट्झ जाडीचा पट्टा तयार करतो आणि मंद ड्रोन त्यात बुडतात. तोडणी झाली की तेच शिवार एका आठवड्यात ओळखू येत नाही इतकं स्वच्छ दिसतं.

पण तोडणीबरोबर येतात ट्रॅक्टर. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चालला की त्याचा डॉप्लर तेहेतीस हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे थेट फवारणी ड्रोनच्या जागेवर, आणि प्रतिध्वनी त्याच्या शेकडोपट. उपाय एकच: आजूबाजूचे रस्ते आधी नकाशावर काढा, प्रत्येक रस्ता तुमच्या पडद्यावर कोणती रेघ काढेल ते हिशोबाने मांडा, आणि त्या रेघांवरचं काहीही ड्रोन म्हणून धरू नका. हे काम कारखाना सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास उरकलेलं बरं.

तीन घरं का लागतात

एका घरातून ड्रोन आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. शाळेत दोन टाचण्या आणि दोऱ्याने लंबवर्तुळ काढलं होतं ते आठवा. टॉवर ही एक टाचणी, तुमचं घर दुसरी, आणि टॉवर-ड्रोन-घर ही एकूण वाट म्हणजे दोरा. ड्रोन त्या लंबवर्तुळावर कुठेही असू शकतो. दुसऱ्या घराचं लंबवर्तुळ त्याला एकाहून जास्त ठिकाणी छेदतं. तिसऱ्याने बहुतेक वेळा एक जागा उरते.

घरं एका रांगेत नकोत. रस्त्याकडेची तीन घरं सोयीची वाटतात, पण त्यांची लंबवर्तुळं जवळजवळ एकमेकांवर पडतात. शिवाराच्या तीन बाजूंना, एकमेकांपासून एक-दीड किलोमीटरवर घरं शोधा. तिन्ही घरं एकाच पातळीवर असली तर उंचीचा अंदाज फार वाईट येतो. राजहंसगडाच्या पायथ्यासारखं चढावरचं एखादं घर मिळालं तर सोन्याहून पिवळं.

लोकांना वाटतं, जाळं म्हटलं की अब्जांश सेकंदाची घड्याळं आणि जाडजूड इंटरनेट लागणार. इथे दोन्ही लागत नाही. प्रत्येक घर स्वतःचा संदर्भ सिग्नल स्वतः ऐकतं, त्यामुळे अंतराचा हिशोब घरातल्या घरात पूर्ण होतो. तिन्ही घरांना फक्त 'हा ठिपका कधी दिसला' एवढं एकसारखं सांगता आलं पाहिजे. इंटरनेटवरून वेळ जुळवताना पन्नास मिलिसेकंद चूक झाली तरी सेकंदाला 15 मीटर जाणारा ड्रोन तेवढ्यात पाऊण मीटर सरकतो. आपली बारकाई सव्वाशे मीटरची, पाऊण मीटरची काय कथा! ड्रोनच्या स्वतःच्या रेडिओ सिग्नलवरून जागा काढायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अब्जांश सेकंदाला 30 सेंटिमीटर जातात आणि जीपीएसला बांधलेली घड्याळं लागतात.

इंटरनेटचंही तसंच. कच्चा सिग्नल पाठवायचा तर 8 बिटांच्या रिसीव्हरचे दोन चॅनेलसुद्धा सेकंदाला साडेनऊ मेगाबाइट तयार करतात, तासाला जवळपास 35 जीबी. म्हणून हिशोब घरीच करा आणि फक्त ठिपक्यांची यादी पाठवा: वेळ, अंतर, डॉप्लर, ठळकपणा. ते काही किलोबाइट साध्या मोबाइल डेटावर जातात. यादी गोळा करून लंबवर्तुळं छेदायला 'थ्री-लिप्स' नावाचं साधन ब्लाह-टूच्याच कर्त्याने केलं आहे.

लाइट जाणार हे धरून चाला. प्रत्येक घरात छोटी बॅटरी ठेवा आणि लाइट आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी सोय करा. नाहीतर दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी मावशीला फोन करून 'तेवढं बटन दाबता काय?' म्हणावं लागतं. तिघांपैकी एक घर बंद पडलं की जागा काढता येत नाही, म्हणून शक्य असेल तर चौथं घर जोडा. चौथ्याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच वेळी दोन ड्रोन असले की पहिल्याचं एक लंबवर्तुळ आणि दुसऱ्याची दोन अशी चुकीची सांगड बसून नसलेले ड्रोन नकाशावर उभे राहतात. चौथं घर त्यातली बहुतेक भुतं उतरवतं.

आता छोटा ड्रोन

नोंदणी क्रमांक असलेला स्वतःचा किंवा मित्राचा ड्रोन घ्या. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत हिरवा पट्टा, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे 400 फुटांपर्यंत. लाल, म्हणजे मनाईचे पट्टे वेगळे. सांबऱ्याच्या अवतीभोवतीची गावं यात कुठे येतात ते त्या दिवशीच्या नकाशावरच ठरवा.

ड्रोन आधी 200 मीटरवर, सरळ रेषेत, ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने, घराकडे येत आणि घरापासून जात उडवा. दिसला की 300, मग 400. कुठे हरवतो ते लिहून ठेवा. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे हरवताना तो हळूहळू नाही, बऱ्यापैकी झटक्यात हरवतो. या सामानात छोटा ड्रोन काहीशे मीटरपर्यंतच धरा. 250 ग्रॅमच्या आतला नॅनो त्याहून कमी. कुणी पाच किलोमीटरचा दावा केला तर त्याचा अँटेना आणि टॉवर दोन्ही बघायला मागा.

प्रत्येक उड्डाणाची ड्रोनमधली जीपीएस नोंद काढून आपल्या ठिपक्यांवर ठेवा. ही सवय लावली नाही तर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका ड्रोन वाटू लागतो. घार, बगळ्यांचा थवा आणि रात्रीची वटवाघळं हे तिघे सर्वांत फसवे. बगळा ड्रोनच्याच वेगाने उडतो, पण त्याचा ठिपका पंखांबरोबर दर सेकंदाला काही वेळा कमी-जास्त होतो आणि वाट वळणावळणाची असते. ड्रोनची वाट ताठ. तरीही एका ठिपक्यावरून काही ठरवू नका. तीन घरांना, सलग दहा-पंधरा सेकंद, एकाच जागी जुळणारा माग दिसला तरच नोंद करा.

दिसला तर?

वेळ, जागेचा अंदाज आणि माग, एवढं लिहा आणि 112 वर कळवा. 'आमच्या कॉलेजच्या प्रयोगात अमुक ठिकाणी अमुक वेळी असं दिसलं' असं म्हणा, 'ड्रोन आला' असं नको. दगड, गोफण, एअरगन काही नाही. खाली पडणारा 25 किलोचा ड्रोन कुणाच्या गोठ्यावर पडेल सांगता येत नाही. आणि गावच्या ग्रुपवर पडद्याचा फोटो टाकण्याआधी आज शेजारच्या गावात लग्न आहे का ते विचारा. मे महिन्यात आपल्या भागातले निम्मे ड्रोन नवरदेवाच्या वरातीवर असतात.